खुरीला पाणी

लोधिवलीच्या पुढे जुन्या हायवेला लागून एक नर्सरी आहे. सुनंदा शिद तिथे चौदा वर्षं कामाला आहे. डोंगराच्या पायथ्याशी ठाकरांची वाडी आहे, तिथून ती रोज चालत येते. नर्सरीत येण्याआधी ती पावसाळ्यात शेवळं, करटुली असल्या रानभाज्या विकायला चौक गावच्या नाक्यावर बसायची, उन्हाळ्यात मिळेल त्या मजुरीला जायची. नर्सरीच्या मालकीणबाई निवेदिता गुप्ते यांनी तिला तिथूनच हेरलं. शेवळाच्या जुड्या तिनं इतक्या नीट बांधल्या होत्या की गुप्तेबाईंनी भाजी घेता घेता विचारलं, "रोपं बांधायला येशील का?" सुनंदा दुसऱ्या दिवशी सकाळी हजर झाली.

सात वर्षांपूर्वी गुप्तेबाईंनी कुठूनशा एका कागदाच्या पुडीत बी आणलं. पुडी उघडली तर आत तपकिरीसारखी पूड. शिंक आली असती तर सगळं बी उडून गेलं असतं. बाईंनी सांगितलं की हे झाड आफ्रिकेतल्या वाळवंटातलं आहे, दिसतं हुबेहूब दगडासारखं, आणि महिनोन्महिने पाण्याशिवाय राहतं. आपल्याकडच्या पावसात ते टिकवणं अवघड आहे, असंही त्या म्हणाल्या. सुनंदानं ते बी चिमटीत घेऊन ट्रेमध्ये पेरलं. तीनशेच्या वर रोपं उगवली, टाचणीच्या डोक्याएवढी, हिरवी. पहिल्या पावसाळ्यानंतर एकोणीस उरली.

नर्सरीतल्या बाकीच्यांनी नाद सोडला. सुनंदानं सोडला नाही. माती ओल धरून ठेवते म्हणून झाडं कुजतात, हे तिच्या ध्यानात आलं. खालापूरच्या बाजूला दगडखाणीवर तिचा नवरा हिरामण कामाला जायचा. त्याच्याकडून तिनं बारीक कच पिशवीत भरून आणवली, शिळफाट्याच्या बाजारातून चहाची मोठी गाळणी आणली आणि कच चाळून, धुऊन, वाळवून तिच्यात नावापुरती माती मिसळली. ट्रे प्लास्टिकच्या छपराखाली ठेवला, पण जिथे वारा आरपार जातो अशा कोपऱ्यात. आणि मिरगापासून घट बसेपर्यंत पाण्याचा थेंब घातला नाही. रोज जाऊन अंगठ्यानं एकेक झाड हलकेच दाबून बघायचं, एवढंच काम. घट्ट लागलं तर पोटात पाणी आहे. मऊ लागलं आणि अंगाला सुरकुत्या पडल्या की मग चमचाभर द्यायचं.

एकोणीसची एकोणीस जगली. तिसऱ्या वर्षी त्यांतल्या दोघांना फूल आलं. मधल्या फटीतून कळी वर आली आणि दुपारी उन्हात पिवळं फूल उघडलं, ते झाडाहूनही मोठं. गुप्तेबाई कितीतरी वेळ स्टुलावर बसून बघत राहिल्या.

त्या झाडाचं इंग्रजी नाव सुनंदाच्या तोंडात बसेना. दोन जाड पानं, मधे फट, वर राखाडी-तपकिरी नक्षी. तिला ते शेळीच्या करडाच्या खुरासारखं दिसायचं. म्हणून ती त्याला खुरी म्हणू लागली. हळूहळू नर्सरीतले सगळेच खुरी म्हणू लागले.

वनिता आली ती यानंतर. सुनंदाच्या धाकट्या दिराचं, चांगोचं लग्न झालं आणि वनिता त्यांच्या घरी आली. घर एकच, मधे कुडाची भिंत, अलीकडे सुनंदा-हिरामण, पलीकडे चांगो-वनिता, आणि पुढची ओटी दोघींची मिळून. वनिता बारावीपर्यंत शिकलेली होती, आणि तिला घरी बसून राहणं जमत नव्हतं. सुनंदाच तिला नर्सरीत घेऊन गेली. "माझी जाऊ हाय, मॅडम. हात चांगला हाय तिचा," असं तिनंच सांगितलं होतं.

आणि हात खरंच चांगला होता. पहिल्या वर्षी सुनंदानं तिला सगळं शिकवलं. कच कशी चाळायची, मूळ लांब जातं म्हणून कुंडी उथळ का नको, जुनी पानं सुकून कागदासारखी होईपर्यंत नव्या जोडीला पाणी का द्यायचं नाही. वनिता एकदा ऐकायची आणि तिला ते कायमचं यायचं. शिवाय तिला पाट्यांवरची इंग्रजी नावं वाचता यायची. फोनवर ती परदेशातल्या लोकांची झाडं बघायची. गिऱ्हाईक आलं की ती न लाजता बोलायची. सुनंदा गिऱ्हाईक आलं की पाइप उचलून मागच्या बाजूला जायची.

पहिल्यांदा सुनंदाला काही वाटलं नाही. मग एक दिवस तिच्या लक्षात आलं की गुप्तेबाई गेटमधून आत येताना आधी "सुनंदा" अशी हाक मारायच्या, ती आता "वनिता" झाली आहे. त्यानंतर ती मोजायला लागली. सकाळपासून दुपारपर्यंत किती वेळा वनिता, किती वेळा सुनंदा. मोजायचं नाही असं ठरवलं तरी कान मोजायचेच. घरी येताना दोघी बरोबर चालायच्या, वनिता बडबडत असायची आणि सुनंदा हं हं करत असायची.

"ताई, आज मॅडम म्हनाल्या, खुरीचं बी आपन घरचं धरू. परागकन म्हनं ब्रशनं लावायचे."

"म्हाईत हाय मला."

"तुला कोनी सांगितलं?"

सुनंदाला ते कोणीच सांगितलेलं नव्हतं, माहीतही नव्हतं. "म्हाईत हाय म्हनलं ना," एवढं बोलून तिनं पाय उचलले.

गेल्या वर्षीच्या दिवाळीच्या आधी बाईंनी दोघींना एकेक खुरी घरी न्यायला दिली. वनितानं आपली कुंडी पूर्वेच्या खिडकीत ठेवली. सुनंदाच्या बाजूच्या खिडकीवर जांभळीची सावली पडते. ऊन कमी असलं की खुरी फुलत नाही, नुसती उंच ताणली जाते, हे सुनंदाला वनितापेक्षा जास्त कळत होतं. तरी तिनं कुंडी तिथेच ठेवली. पूर्वेच्या खिडकीत दोघींच्या कुंड्या शेजारी ठेवू, असं वनिता म्हणाली होती. "माझी माझ्या घरात राहू दे," असं सुनंदानं तिला सुनावलं.

त्याच सुमारास मुंबईची एक मुलगी नर्सरीत येऊन व्हिडिओ काढून गेली. सुनंदा तेव्हा मागे खताच्या गोणी रचत होती. आठवडाभरानं चांगोनं ओटीवर सगळ्यांना फोन दाखवला. वनिता हातात खुरीची कुंडी घेऊन हसत बोलत होती. मिरगापासून पाणी कसं बंद करायचं, अंगठ्यानं दाबून कसं बघायचं, कच कशी धुवायची. शेवटी ती म्हणाली, "आमच्या वाडीत आमी याला खुरी म्हणतो."

चांगो कौतुकानं पुन्हा पुन्हा लावत होता. हिरामण म्हणाला, "भारी बोलली गं पोरी!" सुनंदा उठली आणि आत जाऊन भाकऱ्या थापायला बसली. पीठ मळलेलंच नव्हतं.

आमी म्हणतो. कोण आमी? वाडीतल्या कोणी खुरी आयुष्यात पाहिली नव्हती. ते नाव तिचं होतं, तिनं एकटीनं त्या प्लास्टिकच्या छपराखाली वाकून बघता बघता ठेवलेलं. तिच्या मालकीचं म्हणावं असं त्या नर्सरीत तेवढंच होतं. व्हिडिओ हजारो लोकांनी पाहिला. दर रविवारी गाड्या थांबायच्या, लोक विचारायचे, "त्या खुरीवाल्या वनिताताई कुठे आहेत?" आणि सुनंदा बोटानं दाखवायची, "त्या तिकडं."

दिवाळी झाली आणि पुण्याला झाडांचं चार दिवसांचं प्रदर्शन लागलं. गुप्तेबाईंनी वनिताला बरोबर न्यायचं ठरवलं. सुनंदाला त्यांनी सांगितलं, "तू इथलं सांभाळ, तुझ्याशिवाय नर्सरी चालायची नाही." हे त्यांनी मनापासून म्हटलं होतं. सुनंदाला ते पाइप धरायला कोणीतरी हवंच, असं ऐकू आलं.

त्याच आठवड्यात वनिताच्या खिडकीतल्या खुरीला कळी दिसू लागली. फटीतून हरभऱ्याच्या दाण्याएवढी वर आली होती. निघताना वनितानं पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाली, "ताई, माझ्या खुरीकडं बघशील? मी येईस्तो उमलंल बहुतेक. आनि पानी नको हां घालू, पोट भरलेलं हाय तिचं."

पानी नको घालू. हे वनिता तिला सांगत होती. सुनंदानं मान हलवली.

त्या दिवशी दुपारी ती जेवायला घरी आली. चांगो कामावर होता. पलीकडचं दार नुसतं ओढलेलं होतं. आपण नुसतं बघायला चाललोय, असं ती स्वतःला सांगत आत गेली. खिडकीतल्या उजेडात ती खुरी गच्च, टपोरी, अंगावर रेघ न रेघ उठून दिसणारी. सुनंदाच्या जांभळीखालच्या खुरीसारखी लांबट, फिकट नव्हती. वनिताच्याच माठातून तिनं तांब्या भरला आणि कुंडीत ओतला. कचेतून पाणी भसकन खाली गेलं. तिनं आणखी ओतलं. मग एक ताटली घेतली, तिच्यात पाणी भरलं आणि कुंडी त्या पाण्यात ठेवली. तासाभरानं परत नर्सरीत जाताना ताटली उचलून पुसून जागेवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारीही तिनं तेच केलं. तिसऱ्या दिवशीही.

चौथ्या दिवशी खुरी फुटली. एका पानाला वरून खालपर्यंत चीर गेली होती, आतला पाणेरी हिरवा गर दिसत होता. कळी काळी पडून मऊ झाली होती. सुनंदा तिथे उभी राहिली. तिला वाटलं होतं, आपल्याला बरं वाटेल. आणि घटकाभर वाटलंही, ते ती नंतरही नाकारत नव्हती. घरी जाऊन जेवायला बसली, पण भाकरी तशीच झाकून ठेवून नर्सरीत परत गेली.

वनिता पुण्याहून आली ती हसतच. सगळ्यांसाठी बाकरवडी आणली होती. खिडकीपाशी गेली आणि फुटलेली खुरी दिसली. कुंडी उचलली, खालच्या भोकात खराट्याची काडी घातली, बाहेर काढली. वरची कच कोरडी होती, काडी ओली होती. तिला कळायला वेळ लागला नाही. पण तिचा संशय भलतीकडे गेला; ताई असं करील हे तिच्या मनातही आलं नाही.

"तू पानी घातलंस," ती चांगोला म्हणाली.

"मी? नाय गं."

"तुळशीला घालताना घातलं असशील. मागं पन घातलं होतंस त्या दुसऱ्या झाडाला. किती येळा सांगितलं तुला?"

"आईची आन, मी हात लावला नाय."

"मग घरात दुसरं कोन हाय? खोटं तरी बोलू नको रं!"

कुडाच्या भिंतीतून अक्षर न अक्षर ऐकू येत होतं. हिरामण सुनंदाकडे बघून म्हणाला, "एका दगडापायी केवढं भांडतात." सुनंदा तांदूळ निवडत होती. एकच सूप तिचं दोनदा निवडून झालं होतं.

चांगो साधा माणूस. भांडण करणारा नाही. पण खोटारडा म्हटलेलं त्याला लागलं. दोन-तीन दिवस तो ओटीवर जेवला. वनिता कामावर जाताना काही बोलत नव्हती आणि सुनंदानंही विचारलं नाही. दोघी मुक्यानं रस्ता तुडवायच्या. एकदा वनिता मधेच थांबली आणि म्हणाली, "झाडाचं नाय गं एवढं. नवरा तोंडावर खोटं बोलतो, ते सहन होत नाय." सुनंदा म्हणाली, "चल, उशीर होतोय."

पाचव्या दिवशी दुपारी चांगो नर्सरीत आला. तो कधी तिकडे येत नसे. वनिता पुढे गिऱ्हाइकाशी बोलत होती. तो मागच्या बाजूनं सुनंदाकडे आला, टोपी हातात घेऊन.

"वयनी, तसलं एक झाड मिळंल का? कळी आलेलं?"

"कशाला, भावजी?"

"तिला देतो. मी नाय घातलं पानी, देवाशप्पथ नाय घातलं. पर आता मीच घातलं म्हनतो. ती रातदिस कुढते, त्यापरीस बरं."

सुनंदाच्या हातातली कुदळ तशीच राहिली. तिला त्याच्या तोंडाकडे बघवेना. "घरी चला," ती म्हणाली, "माझी हाय ती घ्या. कळी नाय तिला, पर धड हाय." त्या संध्याकाळी तिनं आपल्या खिडकीतली खुरी त्याच्या हातात दिली.

थोड्याच वेळात वनिता कुंडी घेऊन ओटीवरून अलीकडे आली. हिरामण अजून खाणीवरून आला नव्हता. सुनंदा चुलीपाशी होती.

"ही तुझी खुरी हाय."

"हा."

"ह्यो म्हनतो, मीच घातलं पानी, माफ कर, ही घे. ताई, आतापतुर नाय नाय म्हनत होता. आज तुझी खुरी घेऊन येतो नि कबूल करतो. तू कशाला दिलीस?"

सुनंदानं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "त्यानं नाय घातलं. मी घातलं."

वनिता दोन पावलं आत आली.

"तीन दिस घातलं. ताटलीत ठेवली. कुजवायलाच ठेवली."

"का?"

सुनंदाला खूप काही सांगायचं होतं. चौदा वर्षं, एकोणीस रोपं, चहाची गाळणी, मॅडमची हाक. पण तोंडातून आलं ते एवढंच, "तू आमी म्हनालीस."

"काय?"

"त्या व्हिडिओत. आमी खुरी म्हनतो म्हनालीस. ते नाव मी ठेवलं होतं."

वनितानं हातातली कुंडी फिरवून बघितली. मग म्हणाली, "तुझं नाव घ्यायचं सुचलंच नाय मला. खरं सांगते. सुचलंच नाय." तिचा आवाज चढला. "पर मला बोलायचं होतंस ना! चार शिव्या घालायच्या होत्यास. मी माझ्या नवऱ्याला खोटारडा म्हनले, ताई. पाच दिस. तू भिंतीपलीकडं ऐकत व्हतीस."

कुंडी तिनं ओटीवर ठेवली आणि ती आपल्या घरात गेली. पलीकडून मग चांगोचं आणि तिचं हलक्या आवाजातलं बोलणं कितीतरी वेळ येत राहिलं. या वेळी शब्द कळत नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून वनिता लवकर निघून टमटमनं जाऊ लागली. सुनंदा एकटी चालत जाई. आठ दिवसांनी तिनं गुप्तेबाईंनाही सगळं सांगितलं. वाटलं होतं, बाई रागावतील, कामावरून काढतील. बाई हसल्या. "अगं, एक झाड गेलं तर काय एवढं? तुम्ही दोघी म्हणजे ना!" असं म्हणून त्या फोनवर बोलायला लागल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सुनंदाला वाटलं.

माघात बाईंनी कर्जतजवळ दुसरी जागा घेतली, फक्त असल्या कमी पाण्याच्या झाडांसाठी. तिथे वनितानं स्वतःहून जायचं म्हटलं. चांगोलाही तिथेच कुंपणाचं, पत्र्याचं काम मिळालं. दोघं कर्जतला खोली घेऊन राहू लागले. लोधिवलीत सगळं पुन्हा सुनंदाकडे आलं. गेटमधून हाक पुन्हा "सुनंदा" अशी येऊ लागली. हवं होतं ते मिळालं, पण गिऱ्हाईक कर्जतकडून आलं की ती हळूच विचारायची, "तिकडच्या खुऱ्या बघितल्या का? कशा हायत?" चांगल्या आहेत म्हटलं की पोटात दुखायचं, आणि कोणी तिथे काही खास नाही म्हटलं तर तेही आवडायचं नाही.

भाद्रपदात, गणपती जाऊन दोन दिवस झाले होते, तिला वनिताचा फोन आला. ती कर्जतला गेल्यापासून सात महिन्यांत पहिलाच.

"ताई, ट्रेमधली रोपं मऊ पडून बसायला लागलीत. सकाळी चार, आता नऊ. मॅडम गावाला हायत. काय करू?"

"वारा हाय का तिथं?"

"नाय. चारी बाजूनं बंद केलंय, पाऊस आत येतो म्हनून."

"एक बाजू उघड. मी येते."

चौकहून एसटी कर्जतच्या रस्त्याला लागेपर्यंत सुनंदाला स्वतःचीच लाज वाटत होती. रोपं मरतायत याचं दुःख होतं, आणि ती वनिताच्या हातून मरतायत याची गुदगुल्या केल्यासारखी मजाही वाटत होती. दोन्ही एकाच वेळी. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

शेडमध्ये गेल्यावर मात्र दोघींना बोलायला सवड नव्हती. सुनंदानं वाऱ्याच्या बाजूचं प्लास्टिक वर बांधायला लावलं, ट्रे उचलून फळ्यांवर घेतले. कुजलेली रोपं आजूबाजूच्या कचेसकट चमच्यानं काढली. वनिता एक डबी घेऊन आली आणि काढलेल्या जागी तपकिरी पूड भुरभुरू लागली. छपराखाली मसालेभातासारखा वास सुटला.

"हे काय घालतेस?"

"दालचिनी."

सुनंदा थांबली. चौदा वर्षांत तिनं हे कधी केलं नव्हतं, ऐकलंही नव्हतं. छातीत ती जुनी कळ उठली, ओळखीची. तिनं पूड चिमटीत घेऊन हुंगली.

"हिनं काय व्हतं?"

"बुरशी पुढं जात नाय. मागं एका ट्रेवर करून बघितलं मी. अर्धी बाजू घातली, अर्धी नाय घातली. घातलेली जगली."

"कितीक घालायची?"

ज्या झाडांबद्दलचं सगळं तिनंच वनिताला शिकवलं होतं, त्या झाडांबद्दल सुनंदा तिला पहिल्यांदाच काहीतरी विचारत होती. वनितानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग डबी तिच्यापुढे धरली.

"एवढीशी. मिठापरीस कमी. आन कोरड्यावरच घालायची, वलीवर घातली की गोळा होते."

तीन वाजेपर्यंत दोघींनी ट्रे संपवले. निम्मी रोपं गेली, निम्मी राहिली. वनितानं डबा उघडला, चवळीची भाजी आणि भाकरी होती, ती दोन वाटे करून दोघींनी खाल्ली. मागचं कोणी काही काढलं नाही. निघताना वनिता म्हणाली, "पुढच्या बुधवारी येशील का? तोवर कळंल, किती टिकतात."

"येते," सुनंदा म्हणाली.